निवळशंख पाणी

सायकलचं हँडल कमरेला घासून गेलं तेव्हा गोरक्षनाथ बोरुडे नगरच्या दिल्ली दरवाज्याच्या कमानीतून बाहेर पडत होता. त्याच्या मनात अजून न पाहिलेल्या एका बेटाच्या पश्चिमेची, पाण्याखालची खडकाची भिंत होती. लागलं फारसं नाही. दुधाच्या दोन किटल्या अडकवलेली सायकल डाव्या अंगानं आली, डचमळली, थोडं दूध धुळीत सांडलं. दूधवाला म्हातारा एक पाय टेकवून थांबला. "मघापासून घंटी वाजवतोय," तो म्हणाला. "ऐकू येत न्हाई का, दादा?" आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होता तो. गोरक्षनाथानं "चूक झाली, बाबा" म्हटलं, किटली सरळ करायला हात लावला आणि म्हातारा गेल्यावर पानाच्या टपरीच्या आडोशाला जाऊन मनगटावरचं घड्याळ सोडलं. उजव्या कानाला लावलं. टिकटिक नीट येत होती. डाव्या कानाला लावलं तर वाळूच्या पोत्याला लावल्यासारखं. त्यानं घड्याळ पुन्हा उजवीकडे नेलं, पुन्हा डावीकडे आणलं. टपरीवाला बघतोय हे कळल्यावर चावी दिल्यासारखं करून ते मनगटावर बांधलं आणि सावेडीला, घराच्या रस्त्याला लागला. एवढं होऊनही बेटाची भिंत मनातून गेली नव्हती. ती तिथंच होती, फक्त तिच्यासमोर तो आता जरा तिरका उभा होता.

डावा कान थंडीत वाहतो हे त्याला आरमारात असल्यापासून माहीत होतं. कोचीनच्या बंदरात एकदा घाईनं खाली उतरताना त्या कानात सुई खुपसल्यासारखी कळ आली होती आणि वर आल्यावर नाकातून थोडं रक्त आलं होतं. तेव्हा वय होतं, चार दिवसांत सगळं विसरलं. पुढे नोकरी संपवून नगरला आला, स्टेशन रोडवरच्या वर्कशॉपात कंप्रेसर दुरुस्तीचं काम धरलं. तिथं दिवसभर एवढी धडधड चाले की कमी ऐकू येण्याचा दोष त्यानं कधी कानाला दिलाच नाही, मशिनला दिला. सगळेच मोठ्यानं बोलत.

तो मूळचा मिरजगावचा, कोरडवाहू शेतकऱ्याचा पोरगा. नगरला भरती लागली तेव्हा बरोबरीची पोरं पलटणीत गेली. यानं आरमार घेतलं, कारण भरतीच्या साहेबानं "पोहता येतं का?" असं विचारलं आणि त्याला घरच्या विहिरीची ओढ दाटून आली. त्या विहिरीच्या काठच्या, मोटेच्या थारोळ्यावरून तो सूर मारी आणि तळाचा चिखल मुठीत घेऊन वर येई. पुढे पाणबुड्यांच्या शाळेत निवड झाली तेव्हा त्यानं आईला सांगितलं, मी समुद्राच्या तळाशी जाणार. आई भागूबाई म्हणाली, "विहिरीचा गाळ काढायला कंटाळायचास आन् तिकडं समुद्राचा काढणार व्हय?" ती थट्टेत म्हणाली होती, पण पंधरा वर्षं झालं नेमकं तेच. बंदराचं पाणी म्हणजे चहाच्या गाळासारखं. हात पुढे केला की मनगटापासून पुढचा हात दिसेनासा होई. जहाजाच्या पंख्यात अडकलेला दोर कापायचा, पडलेला नांगर शोधायचा, बुडाची भेग चाचपायची, सगळं बोटांनी. पंधरा वर्षं तो पाण्याखाली होता आणि पाण्याखालचं त्यानं काहीही पाहिलं नव्हतं. फक्त एकदा, जहाज लखदीव बेटांच्या जवळून जाताना, डेकवर उभं असताना त्याला खाली पाण्याचा रंग अचानक बदललेला दिसला. काळसर निळ्याचा मोरपंखी, मोरपंखीचा कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्यासारखा, आणि त्यातून थेट पांढरी वाळू. वाळूवरून जहाजाची सावली सरकत होती. जहाज थांबलं नाही. थांबायचं कारणही नव्हतं. पण त्यानंतर चिखलात हात घालताना तो कधीकधी डोळे मिटून घेई, कारण मिटले की ती वाळू दिसे, उघडले की काहीच नाही.

म्हणून मागच्या दिवाळीत आबासाहेब म्हस्के दारात उभा राहिला आणि "तुम्ही नेव्हीत डायव्हर होता ना?" म्हणाला, तेव्हा गोरक्षनाथानं त्याला आधी बसायलाही सांगितलं नाही, तसाच बघत राहिला. आबासाहेब कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. तिशीचा, किडकिडीत, चष्म्याला दोरी बांधलेला. त्याच्या संस्थेची तुकडी उन्हाळ्यापूर्वी लखदीवच्या एका बेटावर प्रवाळ बघायला जाणार होती. सुट्टीत कोचीनला जाऊन तो सिलिंडर लावून बुडी मारायला शिकून आला होता, पण त्याला बरोबर एक मुरलेला माणूस हवा होता. पाण्याखाली एकट्यानं जायचं नाही, जोडीदार पाहिजे, हा पहिला नियम. गोरक्षनाथानं विचारलं, "पाणी कसं असतं तिथं?" आबासाहेब म्हणाला, "निवळशंख. दहा पुरुष खोल तळ वरून दिसतो म्हणतात." स्वयंपाकघराच्या दारातून मनकर्णानं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "प्रवाळ म्हंजी आंगठीतलं पवळं का?" आबासाहेब म्हणाला, "तेच, काकू. तिथं त्याचे डोंगर आहेत." मनकर्णा आत गेली आणि न विचारता तिघांचा चहा टाकला.

तेव्हापासून पुढच्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर बेट होतं. आबासाहेबानं नकाशावरून खडूनं काढलेलं, लांबट, शेंगेसारखं. त्याच्या पश्चिमेला खाडीसारखं उथळ शांत पाणी, त्यापलीकडे प्रवाळाचा बांध, बांधाला एक खिंड, आणि बांधाच्या बाहेर एकदम खाली गेलेली भिंत. रविवारी दोघं फरशीवर पालथे पडत. ओहोटीला आतलं पाणी त्या खिंडीतून जोरात बाहेर ओढलं जातं, म्हणून उतरायचं ते भरती पुरी होऊन पाणी थबकलं असतानाच. होडी कुठं उभी करायची, दोर किती सोडायचा, हवा किती उरली की वळायचं, वर येताना स्वतःच्या बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही, हे सगळं गोरक्षनाथ सांगे आणि आबासाहेब फरशीवर बाण काढी. मनकर्णा रोज झाडताना बेटाभोवतीनं झाडी. केर समुद्रातून भरायची, पण बांधाच्या आत केरसुणी नेत नसे. एकदा शेजारीण लंकाबाई पाय देऊन आत आली तर मनकर्णा म्हणाली, "अवो, तिकडनं या. तिथं खोल हाय."

घड्याळ कानाला लावल्याच्या दुसऱ्या आठवड्यात गोरक्षनाथ वर्कशॉपातून लवकर सुटून कानाच्या डॉक्टरकडे गेला. घरी सांगितलं नाही. डॉक्टरनं कानात उजेड टाकला, बराच वेळ बघितलं, मग सावकाश सांगितलं, तेही उजव्या बाजूला येऊन. पडद्याला जुनं भोक आहे. आतलं बरंच गेलं आहे. उरलेलं सांभाळा. "आणि पाण्यात जाऊ नका," तो म्हणाला. "भोकातून गार पाणी आत गेलं की डोकं गरगरेल. वर कुठं आणि खाली कुठं हेच कळायचं नाही." बाहेर येऊन गोरक्षनाथ सायकल हातात धरून चालत निघाला. चढून बसता आलं असतं, पण चालला. ते गरगरणं त्यानं जवळून बघितलं होतं. पाणबुड्यांच्या शाळेतला एक जोडीदार एकदा तसा भांबावून खालच्या दिशेनं पोहत सुटला होता, वर जातोय अशी पुरी खात्री असताना, आणि गोरक्षनाथाचा हात त्याच्या घोट्यावर पडला म्हणून वाचला. घोट्यावर हात पडायला दुसरा माणूस धड असावा लागतो. चालता चालता तो स्वतःशी हिशेब घालू लागला. मेणाचा बोळा घालू. वरून रबरी टोपी घट्ट ओढू. पाणी तिकडं कोमट असतं, गार कुठलं? एकदाच तर उतरायचंय. त्याला हेही दिसत होतं की हे बोलणारा माणूस पाणबुड्या नाही, जत्रेत पाळण्याला चिकटलेलं पोर आहे. तरी त्यानं त्या पोराला गप्प केलं नाही. पांढऱ्या वाळूवरून सावली सरकत होती आणि ह्या खेपेला सावलीत तो होता.

तो कोणालाच काही बोलला नाही. रविवार येत गेले. आबासाहेब येई, फरशीवर बाण वाढत जात. एका रविवारी आबासाहेब त्याच्या डाव्या बाजूला पालथा पडून काही विचारत होता आणि गोरक्षनाथ भिंतीच्या कडेकडे बघत "हो, हो, बरोबर" म्हणाला. आबासाहेब थबकला. "बरोबर कसं, काका?" तो म्हणाला. "मी विचारलं, खिंडीत ओढलो गेलो तर तुमचा दोर सोडू का." गोरक्षनाथ झटकन उठून बसला. "दोर कधी सोडायचा नाही," तो म्हणाला. "काही झालं तरी. माझं लक्ष नव्हतं." आबासाहेब हसला, बाण पुसला. उठताना चपला घालत म्हणाला, "घरच्यांनी होकार दिला तो तुमच्यामुळं. आई म्हणाली, बोरुडे बरोबर असले तर जा." आणि आपल्या स्कूटरवर बसून गेला. स्कूटरचा आवाज वळणापर्यंत गोरक्षनाथाला उजव्या कानानं ऐकू येत राहिला. कधी नव्हे ते त्याला वाटलं, तोही ऐकू येऊ नये.

त्या संध्याकाळी जेवताना तो भाकरी मोडून तशीच ठेवून बसला. मनकर्णा चुलीपुढून उठून त्याच्या शेजारी आली आणि पाटावर टेकली. "कानाचं आबासाहेबांना सांगितलं का?" ती म्हणाली. अगदी मीठ वाढू का विचारावं तसं. त्यानं मान वर केली. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? मागच्या उन्हाळ्यापासनं तुमच्या उजव्या अंगाला बसते मी. रस्त्यानं चालते ती बी उजव्या अंगानं. निजायची बाजू बदलली. तुमी म्हणाला, का गं, तर म्हणले खिडकीचा वारा लागतो."

त्याला ते आठवलं. खिडकीचा वारा. मग एकामागून एक सगळंच आठवत गेलं. दारात कोणी आलं की हाका न मारता ती येऊन खांद्याला हात लावायची. रेडिओ फळीच्या ह्या टोकाचा त्या टोकाला गेला होता. लग्नकार्यात ती बायकांत न बसता मधेच येऊन कोण काय म्हणालं ते याला हळूच सांगून जायची आणि हा समजायचा, हिला बोलायची हौस. वर्षभर कोणीतरी त्याच्याभोवती घर फिरवून लावत होतं आणि त्याला पत्ता नव्हता. भाकरीचा तुकडा उचलून त्यानं परत ठेवला.

"बोलली का नाहीस?"

"तुमीच बोलंना, मग मी कशी बोलू? बाप्या मानसाला लागतं." तिनं पाट जवळ ओढला. "पर आता दुसऱ्याच्या लेकराचा जीव हाय."

"सांगितलं तर मी जाणार नाही, मनकर्णे."

"न्हाई गेलं तर काय? पंधरा वरसं समुद्रातच हुता की. बघितलं न्हाई का समदं?"

तेव्हा त्यानं तिला सांगितलं. आजवर तिनं विचारलं नव्हतं आणि त्याला सांगावंसं वाटलं नव्हतं. चहाचा गाळ, मनगटापुढे नाहीसा होणारा हात, बोटांनी वाचलेली जहाजांची बुडं. "मी काही बघितलेलं नाही," तो म्हणाला. "एक मासासुद्धा नाही. अंगाला लागून जायचे, तेवढंच." मनकर्णा ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक नवलाची कळा आली. इतकी वर्षं ह्या माणसानं लई बघितलंय असं समजून ती त्याच्याशी वागली होती. कधी तो गप्प बसला की तिला वाटे, समुद्र आठवत असंल. "अवो," ती म्हणाली, आणि त्याचा भाकरीचा हात आपल्या हातात धरून बसली. दोघांच्याही हातांना पीठ लागलेलं. मग तिनं ताट जवळ ओढलं, भाजी पुन्हा वाढली. "सांगा त्यांना," ती म्हणाली. "आन् जेवा."

तो सोमवारीच कॉलेजात गेला. प्रयोगशाळेत बरण्यांतून पांढरे पडलेले मासे होते. त्यांच्यामध्ये उभं राहून त्यानं आबासाहेबाला सगळं सांगितलं, डॉक्टरचं, दुधाच्या सायकलचं, आणि बाण पुसलेल्या रविवारचंही. आबासाहेबानं चष्मा काढून शर्टाला पुसला. त्याला राग यायला हवा होता, असं गोरक्षनाथाला वाटलं. तो आला असता तर उभं राहणं सोपं गेलं असतं. पण आबासाहेब म्हणाला, "मग वर कोण असेल?"

"वर?"

"होडीत. दोरावर. खाली यायला कोचीनचा शिकवणारा माणूस तयार होईल, मी त्याला विचारतो. पण दोर त्यानं आणलेल्या परक्या माणसाच्या हातात नको. तुमच्या हातात असेल तर मी उतरतो. तुम्ही नसाल तर राहू दे."

तो इतकं सरळ बोलला की गोरक्षनाथ "बघू" म्हणून निघाला आणि जिन्यावर थांबला. कोचीनला त्याचा दोर कोण धरायचं? दरवेळी कोणीतरी असे. कधी मलबारी, कधी शीख, कधी बंगाली पोरगा. चिखलात हरवल्यासारखं झालं की दोराला एक हिसका द्यायचा, मी ठीक आहे, आणि वरून एक हिसका येई, आहोत. त्या हिसक्याला कधी चेहरा नव्हता. त्यानं वर येऊन कधी त्यांचे आभारही मानले नव्हते. साबण, पाणी आणि चहा, एवढंच सुचे तेव्हा.

जाण्याचं ठरलं. तरी घरी फरशीवरच्या बेटाकडे बघताना भिंतीपाशी त्याची नजर अडखळे. होडी तिच्या डोक्यावर असणार, आणि होडीतून पाण्याकडे बघितलं की लाटांची चमक, दुसरं काही नाही. मनकर्णा झाडता झाडता थांबली. "वरनं बघायचं," ती म्हणाली, "तर पान्याच्या तोंडावरची चमक तेवढी मोडायला पायजे ना? गोड्या तेलाच्या डब्याचं बूड कापा आन् काच बसवा. बूड पान्यात दाबायचं, वरनं तोंड घालायचं." त्यानं तिच्याकडे बघितलं. तिला हे कुठून सुचलं विचारलं तर म्हणाली, लहानपणी माहेरच्या ओढ्यात बांगडी पडली होती, तेव्हा आजानं कंदिलाची काच पान्यात उभी धरून शोधून दिली. वर्कशॉपात त्यानं डब्याचं बूड कापलं, खिडकीची जाड काच घासून बसवली, पाणी शिरू नये म्हणून कडेनं लांबी भरली. मनकर्णानं मोरीत पाण्याची बादली ओतून ओतून डबा गळतो का बघितला. दोनदा गळला. तिसऱ्यांदा नाही.

सिलिंडर आणि सगळा सरंजाम मुंबईहून आला तेव्हा एकदा तो पाण्यात घालून बघायला हवा होता. मिरजगावच्या विहिरीएवढं खोल आणि जवळचं दुसरं काही नव्हतं. बहात्तरच्या कोरड्या वर्षात गोरक्षनाथाचा धाकटा भाऊ कारभारी यानं सुरुंग लावून विहीर आणखी खाली नेली होती, आणि मागच्या पावसानं ती पहिल्यांदाच पोटभर भरली होती. माघाच्या उन्हात पाणी निवळून हिरवंगार उभं होतं. आबासाहेबानं पायरीवर बसून पाठीला सिलिंडर बांधलं. कारभारी धोतर खोचून उभा. "ह्यो मानूस पान्यात बिडी वढल्यागत करनार म्हन," तो म्हणाला, आणि काळजी वाटत होती म्हणून स्वतःच हसला. गोरक्षनाथानं आबासाहेबाच्या कमरेला दोराची गाठ मारली, ओढून बघितली, परत मारली. खुणा पुन्हा एकदा म्हणून घेतल्या. मग आबासाहेब पाण्यात सरकला आणि वर नुसते बुडबुडे राहिले.

गोरक्षनाथ शेवटच्या कोरड्या पायरीवर गुडघे टेकून दोर सोडत होता. दोर तळाला जाऊन ढिला झाला, एक हिसका आला, त्यानं एक दिला. "आता बघा की," मनकर्णा म्हणाली. त्यानं दोर तिच्या हातात दिला, "ढिला नको, ताठ नको" म्हणाला, आणि डबा पाण्यात दाबून तोंड आत घातलं.

आधी स्वतःचाच श्वास काचेवर बसला. तो विरला आणि विहीर उघडली. हिरवी नव्हतीच ती, वरून वाटे तशी. उन्हाची तिरपी वाट खोलवर गेली होती, आणि त्या वाटेनं खडकाचे पापुद्रे दिसत होते. सुरुंगानं फुटलेल्या कडा, खोबणीत वाढलेलं शेवाळ, बोटाएवढे मासे एकाच वेळी वळणारे. तळाशी गाळ काढताना विसरलेलं एक घमेलं उताणं पडलेलं आणि त्यापाशी आबासाहेब मांडी घालून बसल्यासारखा. त्याच्या तोंडातून बुडबुडे निघत, लहान, मग वर येता येता मोठे, चपटे, चांदीच्या ताटल्यांसारखे डुलत, आणि काचेवर आपटून फुटत. गोरक्षनाथ बघत राहिला. ह्या विहिरीच्या तळाचा चिखल त्यानं कितीदा मुठीतून वर आणला होता, पण ती अशी होती हे त्याला ठाऊक नव्हतं. माणूस पाण्याखाली असा दिसतो, हेही. तो स्वतः पंधरा वर्षं असा कोणालाच दिसला नसणार, त्या गाळात. तरी वरच्या माणसांनी दोर धरून ठेवला होता.

मान अवघडली तेव्हा त्यानं डबा मनकर्णाकडे सरकवला आणि दोर घेतला. ती पालथी पडली, पदर तोंडात धरून डोकं आत घातलं. कारभारी "पडशील, वैनी" म्हणाला. ती उठेना. बऱ्याच वेळानं वर आली तेव्हा कपाळावर डब्याची कड उमटली होती.

"काय बघितलंस?"

"समदं," ती म्हणाली. मग पदर सारखा करत, "एकटंच दिसतंय वो ते. खाली एवढं गार, कुनाचा आवाज न्हाई. वाटत आसंल का त्यांना, वर कुनी हाय म्हनून?"

पंधरवड्यात तो कोचीनहून बोटीनं बेटावर गेलेला असणार होता, होडीत बसून, खाली दहा पुरुष खोल पाण्यावर डबा धरून. पण तेव्हा त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. तो तिच्या प्रश्नाचा विचार करत होता. चिखलातले दिवस आठवत होता.

"वाटतं," तो म्हणाला. आणि काही काम नव्हतं, विचारायचं नव्हतं, सांगायचं नव्हतं, तरी त्यानं दोर हलकेच एकदा ओढला. खालून लगेच उत्तर आलं.